विश्लेषण : परदेशी सून भारताची नागरिक कधी होते? माहेरपणाचे दिवस का मोजले जातात?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी, भवानीनगर आणि मग सणसर लागते. नीरा डाव्या कालव्यावरचा हा उसाचा पट्टा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. समजा, या गावातल्या एका घरातला मुलगा शिकायला जर्मनीला गेला, तिथल्या मुलीशी त्याने लग्न केले आणि काही वर्षांनी दोघे गावी परतले. जागरण-गोंधळ झाला, सून चुलीवर भाकरी थापायला शिकली, अर्ध्या वर्षात तिचे आधार कार्डही निघाले. घरच्यांना वाटते, आता ती इथलीच झाली. नागरिकत्व कायद्याला मात्र तसे वाटायला किमान सात वर्षे लागतात आणि त्यातही मध्ये ती माहेरी किती दिवस गेली, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजले जाते.

भारतीय व्यक्तीशी लग्न केल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. लग्नाने मिळतो तो अर्ज करण्याचा एक मार्ग. आधार कार्डाचाही इथे उपयोग नाही. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही आधार मिळू शकते आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच लिहिले आहे.

कायदा नेमके काय म्हणतो?

नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ५(१)(सी) जोडीदारासाठी आहे. अर्जदार भारतीय नागरिकाशी विवाहित असावा आणि अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे ‘सामान्यतः भारतात निवासी’ असावा, अशा दोन अटी त्यात आहेत. शिवाय तो बेकायदा स्थलांतरित नसावा. लग्नाला किती वर्षे झालेली असावीत, याची किमान मुदत या कलमात नाही. मुदत आहे ती राहण्याची.

सगळी गोम ‘सामान्यतः निवासी’ या शब्दांत आहे. कलमाखालच्या स्पष्टीकरणाने सात वर्षांचे दोन तुकडे केले आहेत. पहिला तुकडा अर्जाच्या लगेच आधीच्या १२ महिन्यांचा : हा संपूर्ण काळ अर्जदार भारतात हवा. दुसरा तुकडा त्या १२ महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांचा : या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतात काढलेली हवीत. म्हणजे एक अधिक सहा, अशी सात वर्षे. पण ती नऊ वर्षांच्या चौकटीत शोधायची. सलग राहिलेल्या माणसाला सात वर्षे पूर्ण होताच अर्ज करता येतो. येऊन-जाऊन राहणाऱ्याला आठ वर्षांत साधारण ७३० दिवसांची सूट आहे. वर्षाकाठी तीन महिने म्हणा ना. शेवटच्या वर्षात मात्र सूट शून्य.

शून्याची ही अट २०१५च्या दुरुस्तीने किंचित सैल झाली. विशेष परिस्थिती असल्यास, कारणे लेखी नोंदवून, केंद्र सरकार या १२ महिन्यांतली कमाल ३० दिवसांची अनुपस्थिती माफ करू शकते. हे ३० दिवस तुकड्या-तुकड्यांचे असले तरी चालतात. पण ही माफी सरकारच्या मर्जीची आहे, अर्जदाराच्या हक्काची नाही. ती गृहीत धरून विमानाचे तिकीट काढणे धोक्याचे.

माहेरपणाचे गणित कसे बिघडते?

सणसरच्या त्या काल्पनिक सुनेचेच उदाहरण पुढे नेऊ. ती १ एप्रिल २०१६ रोजी भारतात राहायला आली. २०१८ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली, पाच महिने राहिली. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडेही आहेच. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस आई आजारी म्हणून गेली आणि अडकली. १३ मार्च २०२० पासून भारताने बहुतेक व्हिसा स्थगित केले होते. ती ऑक्टोबरच्या शेवटी परतली, म्हणजे आठ महिने गेले. २०१९ आणि २०२२ या दोन उन्हाळ्यांत दीड-दीड महिना. एकूण १६ महिने.

आता १ एप्रिल २०२५ रोजी अर्ज करायचा ठरवला. त्याआधीचे १२ महिने बाजूला ठेवले, तर आठ वर्षांची चौकट १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०२४ अशी पडते. त्यात २४ महिन्यांपर्यंतची अनुपस्थिती चालते, तिची १६ महिन्यांची आहे. दुसरा तुकडा पास. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये वडील गेले आणि ती ४० दिवसांसाठी जर्मनीला जाऊन १० जानेवारी २०२५ रोजी परतली. पहिला तुकडा नापास. ४० दिवस ३० दिवसांच्या माफीतही बसत नाहीत. आता १२ महिन्यांचे घड्याळ १० जानेवारीपासून नव्याने सुरू होणार आणि अर्ज जानेवारी २०२६च्या आधी करता येणार नाही. वडिलांच्या अंत्यविधीची किंमत नऊ महिने.

या उलट, २०२० मधल्या आठ महिन्यांच्या गैरहजेरीचा अर्जावर काहीच परिणाम झाला नाही, कारण ते मागच्या आठ वर्षांत पडले. किती दिवस बाहेर होतो यापेक्षा ते दिवस कुठल्या तुकड्यात पडले, यावर सगळे ठरते. ही चौकट अर्जाच्या तारखेबरोबर पुढे सरकत राहते, त्यामुळे जुनी अनुपस्थिती काही काळाने आपोआप मागे पडते. अर्जाची तारीख दोन-तीन महिने इकडेतिकडे करून पाहिली की न बसणारे गणित कधी कधी बसते. एक साधी एक्सेल शीट आणि सर्व पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के एवढ्यावर हे घरी करता येते.

त्या बाळंतपणाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो अनेकदा लक्षातच येत नाही. बाळ जर्मनीत जन्मले. वडील भारतीय असले, तरी ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंदणी एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात करावी लागते. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आजोळचा पासपोर्ट हौसेने काढून ठेवला, तर या घोषणेवर सही करता येत नाही.

व्हिसाची तारीख चुकली तर?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. वैध कागदपत्रांशिवाय आलेली किंवा परवानगीची मुदत संपल्यावरही राहिलेली परदेशी व्यक्ती कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित ठरते आणि कलम ५चे दार तिला बंद होते. मग ती गावात दहा वर्षे नांदत असली तरी. नवरा भारतीय आहे, मुले इथे शाळेत जातात, याने मुदतवाढ आपोआप मिळत नाही.

मुलांवरही याचा थेट परिणाम होतो. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरण्यासाठी आई-वडिलांपैकी एक भारतीय असणे पुरेसे नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे बाळंतपणाच्या धावपळीत आईच्या व्हिसाची मुदत संपली, तर प्रश्न तिचा एकटीचा राहत नाही.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. जिल्ह्यांच्या पातळीवर हे काम सर्वसाधारणपणे पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. मुदतवाढीचे अर्ज आता ई-एफआरआरओ या पोर्टलवर करता येतात, त्यामुळे सणसरसारख्या गावातून दर खेपेला पुण्याला हेलपाटा घालण्याची गरज कमी झाली आहे. दुसरीकडे, जुने चार कायदे रद्द करून आलेला इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी नातेवाइकाने वापरलेली पद्धत तशीच चालेल, असे मानू नये.

पाकिस्तानी नागरिक असलेल्या जोडीदारांची स्थिती सर्वांत नाजूक. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घकालीन, राजनैतिक आणि अधिकृत व्हिसा त्यातून वगळले होते. सासरी राहणाऱ्या ज्यांच्या हाती दीर्घकालीन व्हिसाचा कागद होता आणि ज्यांचा तो प्रक्रियेत अडकला होता, त्यांच्यातला फरक काही दिवसांत दिसून आला.

ओसीआय कार्डाचा रस्ता जवळचा आहे का?

अनेकांसाठी, हो. भारतीय नागरिकाशी झालेल्या लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षे संसार झाला असेल, तर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. सतत व्हिसा वाढवण्याची कटकट तिथे संपते. आणि कलम ५(१)(जी) नुसार, ओसीआय कार्डधारक म्हणून पाच वर्षे पूर्ण झाली आणि अर्जाआधीचे १२ महिने भारतात काढले, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. इथे मधली सहा वर्षे मोजली जात नाहीत.

आपल्या उदाहरणातल्या सुनेचे लग्न मार्च २०१६ मध्ये नोंदवले गेले असते, तर मार्च २०१८ मध्ये ती ओसीआयसाठी पात्र ठरली असती. जुलै २०१८ मध्ये कार्ड मिळाले असे धरले, तर जुलै २०२३ मध्ये पाच वर्षे पूर्ण. त्याआधीचे वर्षभर ती भारतातच होती. म्हणजे थेट जोडीदाराच्या मार्गाने जानेवारी २०२६ पर्यंत थांबण्याऐवजी तिला अडीच वर्षे आधी अर्ज करता आला असता. माहेरी जाणे-येणे जास्त असलेल्यांना हाच मार्ग सोयीचा. गंमत अशी की कायद्याची दोन कलमे एकाच माणसाकडून राहण्याची इतकी वेगळी अपेक्षा करतात.

पण गाडी अडते ती ‘नोंदणी’ या शब्दावर. गावाकडे लग्न मांडवात होते, नोंदणी मात्र कधी तरी, पासपोर्टला हवी म्हणून. ओसीआयसाठी तारीख पाहिली जाते ती कागदावरची. एक पक्ष परदेशी असेल तेव्हा विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोटीस देऊन विवाह नोंदवण्याचा मार्ग असतो. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. नोंदणी दोन वर्षे लांबली, तर पुढचे सगळे दोन वर्षांनी लांबते.

ओसीआयला मर्यादाही आहेत. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे आजी-माजी नागरिक, तसेच ज्यांचे आई-वडील वा आजी-आजोबा तिथले होते, त्यांना हे कार्ड मिळत नाही. न्यायालयाने विवाह संपुष्टात आणला, तर जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. कार्डधारकाला मतदान करता येत नाही. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन खरेदी करता येत नाही. उसाच्या पट्ट्यात हे कलम मतदानापेक्षा जास्त टोचते. घरच्या जमिनीलगतचा तुकडा विकायला निघाला आणि तो सुनेच्या नावावर घ्यावा असे सासऱ्यांच्या मनात आले, तरी ओसीआय कार्ड दाखवून ते होणार नाही. (महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा दाखला लागतो, ती अट वेगळीच.) आणि मतदार यादीत नाव नाही म्हणजे ग्रामपंचायतीला उभे राहण्याचा प्रश्नही नाही.

जावयांसाठी हे दार केव्हा उघडले?

१९५५च्या मूळ कायद्यात या कलमात शब्द होता ‘स्त्रिया’. भारतीय नागरिकांशी विवाह झालेल्या किंवा पूर्वी झालेल्या स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळू शकत होते आणि त्यासाठी राहण्याच्या वर्षांची अट या कलमात नव्हती. परदेशी सून चालायची, परदेशी जावई नाही. बायको नवऱ्याच्या घरची, हा जुना हिशेब कायद्यातही होता. १९८६च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’च्या जागी ‘व्यक्ती’ आले आणि त्याच वेळी पाच वर्षे निवासाची अट आली. म्हणजे समानता आली ती अटीसह. २००३च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली, पाचाची सात वर्षे झाली. ‘विवाहित आहे किंवा होती’ यातला ‘होती’ही गेला. आजचे शब्द वर्तमानकाळातले आहेत : विवाहित ‘आहे’. नियमांत बसण्याआधी जोडीदाराचे निधन झालेल्यांसाठी हा एका शब्दाचा बदल फार मोठा आहे.

या कायद्याचे सर्वांत चर्चेतले प्रकरण बारामतीच्या राजकारणाशी जोडलेले आहे. सोनिया गांधी यांचा विवाह १९६८ मध्ये झाला आणि ३० एप्रिल १९८३ रोजी त्यांना नागरिकत्व मिळाले. तेव्हा वर्षांची अट नसलेलाच कायदा लागू होता. १५ मे १९९९ रोजी शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेस नेतृत्वाला पत्र लिहून पंतप्रधानपदासह सर्वोच्च पदे जन्माने भारतीय असलेल्यांसाठीच राखावीत, अशी मागणी केली. तिघांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. पवार कुटुंबाचे काटेवाडी सणसरच्याच रस्त्यावर आहे. नागरिकत्व कायद्यातल्या एका मुद्द्यावरून पक्ष फुटल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात दोन्ही काँग्रेसचे एकत्र सरकार आले, हा पुढचा भाग वाचकांना माहीत आहे. सोनिया गांधींच्या नागरिकत्वाला निवडणूक याचिकांतून दिलेले आव्हान २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. त्या मागणीप्रमाणे घटनादुरुस्तीही झाली नाही. राज्यघटना राष्ट्रपतिपदासाठीसुद्धा ‘भारताचा नागरिक’ एवढेच म्हणते.

इतर देश शेवटच्या वर्षाकडे कसे पाहतात?

उलट दिशेनेही अनेक मराठी घरे हेच मोजत आहेत. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो; त्यात किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत आणि सलग सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास अडचण येते. ब्रिटनमध्येही जोडीदारासाठी तीन वर्षे. बाहेर राहण्याची साधारण मर्यादा एकूण २७० दिवस आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० दिवस. भारताची सात वर्षे लांब वाटतात, पण खरा फरक शेवटच्या वर्षात आहे. ब्रिटन तिथे ९० दिवस देतो, भारत विशेष परिस्थितीत ३०. ज्याचे आई-वडील आठ तासांच्या विमानप्रवासावर आहेत आणि म्हातारे होत आहेत, त्याला हा फरक कळतो.

अर्ज कुठे आणि शेवटी काय सोडावे लागते?

जोडीदाराच्या मार्गाने अर्ज नमुना क्रमांक ३ मध्ये ऑनलाइन भरला जातो. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. इंदापूर तालुक्यातल्या अर्जदारासाठी जिल्हाधिकारी म्हणजे पुणे. पासपोर्ट, भारतात राहण्याचा वैध परवाना, विवाह प्रमाणपत्र आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा लागतो. नऊ वर्षांत पासपोर्ट एकदा तरी नूतनीकरणाला जातो. जुना, रद्द झालेला पासपोर्ट परत मागून घेऊन कपाटात ठेवावा, कारण त्या काळाचे शिक्के त्यातच असतात.

अर्ज मंजूर झाल्यावर आधीचे नागरिकत्व सोडण्याची हमी अर्जातच द्यावी लागते आणि प्रौढ अर्जदाराला भारताशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आहे, पण भारतात ते चालत नाही. म्हणून सणसरच्या सुनेला जर्मनीच्या बाजूने अडचण नसली, तरी भारताच्या बाजूने जर्मन पासपोर्ट सोडावाच लागेल. त्यानंतर म्हाताऱ्या आईला भेटायला जायचे, तर व्हिसाच्या रांगेत उभे राहायचे.

त्यानंतरही दिवस मोजणे पूर्ण थांबत नाही. कलम १० नुसार, नोंदणीने नागरिक झालेली व्यक्ती सलग सात वर्षे भारताबाहेर राहिली, तर केंद्र सरकार तिचे नागरिकत्व काढून घेऊ शकते. विद्यार्थी, भारत सरकारच्या किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सेवेत असलेले, तसेच नागरिकत्व टिकवण्याचा इरादा दरवर्षी भारतीय वाणिज्य दूतावासात नोंदवणारे यांना यातून सूट आहे. नवऱ्याला पुन्हा परदेशात नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेले, तर जन्माने भारतीय असलेल्या नवऱ्याला हे कलम लागू होत नाही. बायकोला लागू होते. दूतावासातली ती वार्षिक नोंद मग तिच्याच नावाने करावी लागेल.